चेहरा झाकून

प्रिय शेंडेफळ,

आधी एक गंभीर तक्रार. शक्य असेल तर उभी राहून वाच. गेल्या कित्येक आठवड्यांत मी तुला जे जे म्हणून लिहिलं, त्या सगळ्याला तू एक पिवळा अंगठा पाठवून मोकळी झालीस. गॅलरीतल्या मुंग्यांवर मी चांगला परिच्छेदभर मजकूर लिहिला, उत्तर, अंगठा. तुझ्या आईने माझा चष्मा सदऱ्याच्या खिशासकट धुण्याच्या यंत्रात घातला, त्याचं साद्यंत वर्णन केलं, उत्तर, अंगठा. माझ्या पाठीत उसण भरली त्या दिवशीही अंगठाच, आणि तोही वर केलेला. अगं, आपल्या घराण्यात पणजोबांपासून कोणी अंगठा उठवलेला नाही, सगळे सही करणारे. तुला एवढं शिकवलं ते यासाठी? म्हणून हे पत्र कागदावर लिहितो आहे. याला उत्तर द्यायचं तर शाई लागेल आणि निदान एक क्रियापद लागेल. (एकुलत्या एका मुलीला शेंडेफळ म्हणू नये, शेंडा असायला आधी झाड लागतं, हा तुझ्या आईचा जुना मुद्दा मला मान्य आहे. पण हाक एकदा तोंडात बसली की बसली.)

शाळेची बातमी अशी की मी आता संस्कृत कमी आणि चित्रं जास्त शिकवतो. हसू नकोस. संस्कृतला यंदा दोनच विद्यार्थी आले. द्विवचन शिकवताना उदाहरण समोरच बसलेलं असतं, एवढीच काय ती सोय. माझे बाकीचे तास रिकामे पडले, आणि रिकामा तास मुख्याध्यापिकाबाईंना झुरळासारखा दिसतो. दिसला की त्या हाती येईल ते घेऊन धावतात. त्याच सुमारास वरून फर्मान आलं की नववीला ‘दृश्यसाक्षरता आणि चिकित्सक विचार’ हा नवा विषय शिकवावा. चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. मुख्याध्यापिकाबाईंनी शिक्षकांच्या खोलीत ते फर्मान मोठ्याने वाचलं, विषयाच्या नावापाशी दोनदा अडखळल्या आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हे नाव एका दमात उच्चारू शकेल असा शाळेत मीच, एवढ्या एका पात्रतेवर माझी नेमणूक झाली. मी म्हणालो, बाई, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. त्या म्हणाल्या, “उत्तम. मुलांनाही कळत नाही. त्यांच्याबरोबरच शिका.”

तुला माहीत आहे, माझ्या लेखी चित्र म्हणजे पानावर मजकूर संपल्यावर उरलेली जागा. पण विचार करता करता ध्यानात आलं की आपले जुने तर्कशास्त्रवाले आयुष्यभर हेच करत बसले होते. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग असणार. पण दिसला तो धूर, आग नव्हे. आग ही आपण केलेली जुळणी. तेव्हा मी फळ्यावर तीन रकाने आखले. दिसलं, वाटलं, सांगितलं. त्यांची भारदस्त संस्कृत नावं मी मोह आवरून पोटात ठेवली. कुठलंही चित्र समोर आलं की मुलांनी प्रत्येक वाक्य या तीनपैकी एका रकान्यात टाकायचं. बाई रागावली आहे, हे ‘वाटलं’मध्ये. भुवया जवळ आल्या आहेत, हे ‘दिसलं’मध्ये. खाली छापलं आहे की हे पूरग्रस्त आहेत, हे ‘सांगितलं’मध्ये, आणि तिसऱ्या रकान्यातला मजकूर पहिल्यात ढकलला की माझ्याकडून लाल रेघ. दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. तिचं नाव मी मनातल्या मनात आक्षेप ठेवलं आहे. ती हात वर करत नाही, नुसती मान वाकडी करते, आणि मान वाकडी झाली की मी खडू खाली ठेवतो. पहिल्याच तासाला तिने विचारलं, “सर, धूर कशावरून? धुकं असलं तर?” या प्रश्नापाशी पोचायला मोठमोठ्या पंडितांच्या पिढ्या गेल्या, ही मधल्या सुट्टीच्या आत पोचली.

पहिला प्रयोग मी आमच्या शाळेच्या माहितीपत्रकावर केला. त्यात वाचनालयाचा फोटो आहे: मुलं टेबलाभोवती बसली आहेत, पुस्तकं उघडी, माना खाली, एकंदरीत ज्ञानाचा नुसता सुकाळ. मुलांनी तासभर तो फोटो खाल्ला. एकाला दिसलं की सगळी पुस्तकं पहिल्या पानावर उघडलेली आहेत. एकीला दिसलं की दोन मुलांच्या पाठीवर दप्तरं तशीच आहेत, म्हणजे आत्ता आत आली आणि आत्ता बाहेर जाणार. आणि आक्षेप म्हणाली, मागच्या कपाटाला कुलूप आहे सर, मग पुस्तकं आली कुठून? ही बातमी जायची तिथे पोचलीच. मला बोलावणं आलं. “सर, तुम्ही मुलांना नक्की काय शिकवता?” मी म्हणालो, पाहायला. मुख्याध्यापिकाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, “जरा कमी पाहायला शिकवा.” पण बाई मनाने सरळ आहेत हो. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत कपाट उघडं असतं. त्याची किल्ली आता माझ्या खिशात असते, आणि चष्म्याप्रमाणे तीही एकदा यंत्रातून धुऊन निघाली आहे.

शिकवता शिकवता एक युक्ती मला सापडली, तिचा मला फार अभिमान होता. फोटोत माणूस असलं की मुलांची नजर थेट चेहऱ्यावर जाते आणि तिथेच बसून राहते. हसतोय, बरा असेल. रडतोय, वाईट झालं असेल. झालं पाहून. म्हणून मी नियम केला: आधी चेहरा झाकायचा. चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि उरलेला फोटो पाहायचा. हात काय करताहेत, सावली कुठे पडली आहे, कडेला काय कापलं गेलं आहे, फोटो काढणारा कुठे उभा आहे. चेहरा सगळ्यात शेवटी. तुला सांगतो, चेहरा झाकल्याबरोबर वर्गाला जणू दुसरे डोळे फुटतात. एका मुलाने घरी जाऊन स्वतःच्या वाढदिवसाच्या जुन्या फोटोवर हा प्रयोग केला आणि केक शेजाऱ्यांच्या मुलाच्या नावाचा होता असा शोध लावला. त्याच्या वडिलांचा मला फोन आला. तो मी इथे उतरवून काढत नाही.

आता स्वयंपाकघराच्या कपाटाकडे येतो. तू त्या पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागलीस तेव्हा आईने तुझ्याकडून वचनच घेतलं होतं, दर रविवारी एक फोटो. तू ते इमानाने पाळते आहेस. व्हिडिओ कॉल मध्यंतरी बंद पडला, कॅमेरा बिघडला म्हणालीस. फोनवर बोलतेस ते दोन मिनिटं. आवाज बसलेला असतो, त्याला तू तिकडची हवा जबाबदार धरतेस आणि आई तुझा पंखा. पण रविवारचा फोटो चुकत नाही. आई तो कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून छापून आणते, मागे तारीख घालते आणि कपाटाच्या दारावर लावते. मग चहा उकळेपर्यंत त्याच्यासमोर उभी राहून मला आत ऐकू येईल अशा बेताने बोलते. “निळा रंग खुलतो हो हिला.” “स्वेटर घातलाय बघा, थंडी पडली वाटतं तिकडे.” “गालांवर जरा भरली आहे, नाही?” मी आतून हो म्हणतो. कधी उठून येऊन पाहतो. तू टेबलाशी बसलेली असतेस, शेजारी खिडकी, खिडकीत बाटलीतली वेल, आणि हसत असतेस. दर वेळी तीच जागा, तोच कोन. मला त्याचंही कौतुक वाटायचं. म्हटलं, नकाशे काढणारी मुलगी, हिची चौकट तसूभरही हलायची नाही.

वर्गासाठी मला असे फोटो हवे होते ज्यांची उत्तरं मुलांना फोनवर शोधून सापडणार नाहीत. जालावरचा फोटो दिला की ही मंडळी क्षणात त्याची जन्मकुंडली काढतात. उत्तर फक्त मला माहीत असलेला फोटो कुठून आणायचा? कपाटाच्या दारावर गेल्या सात रविवारचे सात होते, मागे तारखा, म्हणजे उत्तरपत्रिकाही तयार. आईला विचारलं. ती म्हणाली, न्या, पण टाचणीची भोकं वाढवू नका. तुला विचारायला हवं होतं, ते राहिलं. मी फोटोवाल्याकडून प्रत्येक गटासाठी एकेक संच करून घेतला. तो म्हणाला, “एवढ्या प्रती? निवडणुकीला उभी आहे का मुलगी?” मग घरी बसून प्रत्येक फोटोत तुझ्या चेहऱ्यावर पट्टी लावली. लावताना थोडं चमत्कारिक वाटलं, पण म्हटलं नियम तो नियम. प्रश्न सोपा ठेवला होता: हे सात फोटो सात आठवड्यांत काढलेले आहेत, ते काळाच्या क्रमाने लावा आणि कारणं लिहा. माझी अपेक्षा अशी की स्वेटर, कपडे यांवरून मुलं ऋतू ओळखतील, दोनतीन चुका करतील आणि घंटा होईल.

वर्गाला ते जमेना. कुजबूज वाढली. एका गटाने सांगितलं, सर, या बाईंना बहुतेक तापाची पाळी येते, एका फोटोत स्वेटर आणि दुसऱ्यात बिनबाह्यांचं, आणि बाहेर ऊन सारखंच. दुसरा गट म्हणाला, ही कपड्यांची जाहिरात आहे, बाई कपडे विकतात. मागच्या बाकावरून एक जुळ्या बहिणींचा सिद्धांतही आला. त्याला मी विचारलं, सात जुळ्या? वर्ग हसला, मीही हसलो. आणि मग आक्षेपची मान वाकडी झाली. तिच्या गटाने ‘दिसलं’चा रकाना भरून काढला होता. ती वाचू लागली. उजव्या हाताच्या बोटाला जखमेची पट्टी आहे, सातही फोटोंत, आणि दर वेळी तिचा तोच कोपरा सुटलेला आहे. वेलीचं एक पान फाटलेलं आहे, सातही फोटोंत तेवढंच. नवं पान एकही नाही. बाटलीतलं पाणी सगळीकडे त्याच रेघेवर. टेबलावर पेल्याचं ओलं वर्तुळ आहे, ते काही फोटोंत ओलं आणि काहींत वाळत आलेलं. “सर, हे सात आठवडे नाहीत. ही एकच दुपार आहे.”

मी म्हणालो, चूक. अगदी शिक्षकी आवाजात म्हणालो. हे सात वेगवेगळे रविवार आहेत, माझ्याकडे तारखा आहेत. ती म्हणाली, तारखा तुम्ही पाहिल्यात की तुम्हाला कुणी सांगितल्या? मी म्हणालो, अगं, हे फोटो माझ्याकडे दर रविवारी येतात. तर तिने फळ्यावरच्या तिसऱ्या रकान्याकडे बोट दाखवलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: सांगितलं. तुझ्या बापाला वादात निरुत्तर करणं ही सोपी गोष्ट नाही, हे तुला आणि तुझ्या आईला माहीत आहे. तिला ती जमली. वर्गात सगळ्यांना मजा वाटत होती. मला अजून फक्त हरल्याचा राग आला होता, बाकी काही सुचलं नव्हतं.

पुढचं सगळं त्यांनी फार भराभर केलं, कारण आता त्यांना खेळ कळला होता. खिडकीच्या गजाची सावली भिंतीवर सरकत जाते, तिच्यावरून त्यांनी फोटो लावले. तो क्रम तुझ्या रविवारांशी जुळत नव्हता. स्वेटर सगळ्यात शेवटी आला होता. तो त्यांच्या हिशेबाने सगळ्यात आधी काढलेला निघाला. मग नेहमीचा प्रश्न आला, फोटो कोणी काढला? बाईंचे दोन्ही हात टेबलावर आहेत, तेव्हा दुसरं कुणीतरी असणार, असं एक मुलगा म्हणाला. मला, खरं सांगतो, तेव्हा बरं वाटलं. पण ते म्हणणं टिकलं नाही. माणसाने काढला असता तर सात वेळा थोडा तरी हलला असता, एखाद्या फोटोत टेबल कमीजास्त आलं असतं. फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला आहे, असं ठरलं. म्हणजे खोलीत आणखी कोणी नव्हतं. मग कुणीतरी विचारलं, पण असं कशाला करेल कुणी? आक्षेप म्हणाली, “कुणाला तरी दाखवायचं असेल की पुढचे खूप दिवस सगळं नीट चाललंय. आणि पुढे फोटो काढता येणार नाही हे तिला आधीच माहीत असेल.” शेजारची म्हणाली, किंवा पुढे ती अशी दिसणार नाही. मी म्हणालो, हे ‘वाटलं’च्या रकान्यात लिहा. त्यांनी लिहिलं. कुणीतरी विचारलं, सर, बरोबर उत्तर काय? मी म्हणालो, तपासून सांगतो. एवढ्यात घंटा झाली.

वर्ग रिकामा झाल्यावर मी एक संच सावलीच्या क्रमाने टेबलावर मांडला आणि चेहऱ्यांवरच्या पट्ट्या एकेक करून काढल्या. तू पाठवलेल्या क्रमाने मी ते सातही चेहरे पाहिलेले होते आणि प्रत्येक वेळी आतून हो म्हटलं होतं. काढलेल्या क्रमाने पहिल्यांदाच पाहत होतो. पहिल्यात तू हसते आहेस. तिसऱ्यातही हसते आहेस, थोडी खट्याळच, कपडे बदलताना काहीतरी विनोद सुचला असावा तसं. पाचव्यात ओठ हसताहेत आणि डोळे फोनच्या पलीकडे कुठेतरी आहेत. सातव्यात नुसते दात दिसतात. तो सातवा तू सगळ्यात आधी पाठवलास, आणि पहिला शेवटी. मांडणी चोख केलीस, नकाशावाली खरी. मी सगळं गोळा केलं, घरी गेलो, फोटो होते तसे कपाटावर लावले. आईने विचारलं, जमलं का मुलांना? मी म्हणालो, काही जणांना. ती म्हणाली, सोपं देत जा हो जरा. नंतर तिने भोकं तपासली.

हे सगळं फोनवर लिहिता आलं असतं, पण घरातला फोन तू जाणतेस, तो सार्वजनिक वाचनालयासारखा आहे. तुझ्या आईने वाचल्याशिवाय त्यातून काही बाहेर जात नाही. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. पत्र तुझ्या खोलीच्या पत्त्यावर टाकतो आहे. तू तिथे राहत नसशील तर घरमालकीण ते तुझ्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे. मुलांचं अनुमान चुकीचं असेल, तू कंटाळा आला म्हणून एका दुपारी सगळं उरकून टाकलं असशील, तर मला खुशाल हस. मी वर्गात उभा राहून सांगेन की मुलांनो, ते धुकं होतं. पण तसं नसेल तर मी सरळ विचारतो, तू आजारी आहेस का? कुठे आहेस? तुझ्याजवळ कोण असतं? उत्तर द्यायला जड जात असेल तर नुसता पत्ता कळव. रजेचा अर्ज मी दिला आहे, आणि पत्ता आला नाही तरी निघणार आहे, त्या खोलीच्या दाराशी येऊन विचारत विचारत पुढे जाईन. आईला काय सांगायचं ते आपण दोघं भेटल्यावर ठरवू. तू रागावशील याची मला काळजी नाही. त्या दुपारी तू एकटीने फोन टेकवून ठेवलास, उठून कपडे बदललेस, परत येऊन बसलीस, आणि आमच्यासाठी सात वेळा हसलीस. त्यानंतरचं मला काहीच माहीत नाही. तू कशी आहेस हे मला माहीत नाही, बाळा, आणि मला फार भीती वाटते आहे.

तुझाच,
बाबा